सरांचे सतरा भाऊ

सरांच्या शर्टाच्या खिशात कायम चुन्याची डबी असायची, आणि सर तंबाखू खात नसत. पानही नाही. सुपारीचं खांडसुद्धा मी त्यांच्या तोंडात कधी पाहिलं नाही.

जालन्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून मी रुजू झाले, त्या सकाळी माझ्या हातात दोन कागद होते. एक रुजू होण्याचा अर्ज, आणि दुसरी फुटलेल्या काचसामानाची यादी, जी मी आल्या आल्या अर्ध्या तासात केली होती. विभागप्रमुख म्हणून सरांनी दोन्हींवर सही करायची होती. त्यांनी दोन्हींकडे पाहिलं नाही. खिशातून डबी काढली, झाकण उघडलं आणि माझ्या नाकासमोर धरली.

"हे काय हाय?"

"चुना."

"चुना तर टपरीवाल्याला बी माहीत हाय. त्यात काय हाय?"

"कॅल्शियम."

सरांनी डबी बंद केली. "बराबर. बसा मॅडम. तुमची नोकरी पक्की."

नोकरी आधीच पक्की होती, तसा आदेश फायलीत होता. पण ते सांगायला मला वेळ मिळाला नाही, कारण सर पुढची चाळीस मिनिटं बोलत होते, उभ्याने, एका हातात डबी आणि दुसऱ्या हातात खडू. तेव्हा मी जे वहीत टिपून घेतलं ते नंतर इतक्या वेळा ऐकलं की आता वही न उघडता सांगू शकते.

मेंदूतल्या एका पेशीला दुसरीला निरोप द्यायचा असतो. दोघींच्या मधे बारीकशी फट असते. निरोप रसायनाचा असतो, आणि तो इवल्या इवल्या पुड्यांत बांधून पेशीच्या भिंतीला टेकवून तयार ठेवलेला असतो. विजेचा इशारा आला की बाहेरचं कॅल्शियम पेशीत घुसतं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पुड्या भिंतीत मिसळून उघडतात, निरोप पलीकडे सांडतो. आता पुडीला कसं कळतं की कॅल्शियम आलं? तर पुडीच्या आवरणात एक प्रथिन रोवलेलं असतं. त्याला दोन हात असतात. त्या हातांत कॅल्शियम पडलं की ते भिंतीला जाऊन भिडतं आणि पुडी उघडते. त्याचं नाव सिनॅप्टोटॅग्मिन.

"आणि तो एकटा न्हाई," सर म्हणायचे. "सतरा भाऊ हायेत. माणसात बी सतरा, उंदरात बी सतरा. सगळ्यांचा चेहरा एक, सोभाव येगळा."

सरांनी हे प्रथिन कधी पाहिलं नव्हतं. ते पाहण्याची यंत्रं आमच्या कॉलेजात नव्हती. आमच्याकडे नऊ सूक्ष्मदर्शक होते, त्यांतल्या चारांची भिंगं शाबूत होती. सरांची पीएच. डी. तळ्यातल्या माशांवर होती, कारण तळं जवळ होतं. तरुणपणी हैदराबादला एका परिषदेत गेलेले असताना कुणाचातरी वीस पानांचा लेख त्यांनी झेरॉक्स करून आणला, आणि तेव्हापासून मासे संपले. तो लेख मस्तगड भागातल्या त्यांच्या घरात देवघराच्या वरच्या फळीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत असे. मी एकदा विचारलं, "सर, जे कधी दिसलं नाही त्याचं इतकं काय?" सर म्हणाले, "मॅडम, दाखवता येत असतं तर दाखवून मोकळा झालो असतो. दाखवता येत न्हाई म्हणून तर सांगून राह्यलो."

सांगण्यासाठी त्यांनी नंबरांची पद्धत काढली. ओळखीच्या प्रत्येक माणसाला ते सतरांपैकी एक नंबर देत. एक नंबर म्हणजे वेळ येईपर्यंत पुडी धरून ठेवणारा, आणि वेळ आली की झटक्यात सोडणारा. सात नंबर उशिरा जागा होणारा, पण एकदा जागा झाला की लवकर न थांबणारा. अकरा नंबर कॅल्शियम धरतच नाही. समोर ठेवा, हातात कोंबा, काही फरक नाही. मला त्यांनी पहिल्याच महिन्यात एक नंबर दिला. मी त्याला प्रशस्तिपत्र समजत नाही. कामाचं वर्णन समजते.

नंबरांवरून वाद व्हायला लागले, तेव्हा मी वहीच्या शेवटच्या पानांवर यादी ठेवायला लागले. नाव, नंबर, कारण. शिपाई मामा एकदा आले आणि दारातच उभे राहिले.

"सर, समद्यांला नंबर दिला, मला न्हाई दिला."

"मामा, तुम्ही बारा."

"बारा चांगला का वाईट?"

"बारा नंबर नेमकं काय काम करतो ते अजून कुणालाच नीट समजलं न्हाई."

"मंग बराबर हाय," मामा म्हणाले आणि चहा आणायला गेले. पाऊण तासाने आले.

सरांबरोबर कुठे जाणंही अवघड होतं. परीक्षेच्या कामाला आम्ही एकदा भोकरदनला एसटीने गेलो. स्टँडच्या अलीकडे, गाडी अजून चालती असताना, एका माणसाने पिशवीसकट खाली उडी मारली. सर सीटवरून अर्धे उठले आणि कंडक्टरचा दंड धरला. "हे पाह्यलं का? इशारा न्हाई, घंटी न्हाई, आणि पुडी फुटली. एक नंबर जागेवर नसला की असं होतं. उगंच फुटतात, अन् खऱ्या टायमाला फुटत न्हाईत." कंडक्टर म्हणाला, "साहेब, तो माझा मेव्हणा हाय, रोज असाच उतरतो." सरांनी मला खूण केली. मी वहीत लिहिलं: कंडक्टरचा मेव्हणा, नंबर नसलेला.

पण सरांचं खरं नाव झालं होतं ते त्यांच्या अंतरपाटाच्या तासामुळे. दर वर्षी जानेवारीत, प्रयोगशाळेत. टेबलावरची पांढरी चादर दोन मुलं आडवी धरत, एका बाजूला एक विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला एक विद्यार्थिनी, आणि भोवती सगळा वर्ग मुठीत रंगवलेली ज्वारी घेऊन. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या. सर खुर्चीवर उभे राहून मंगलाष्टकं म्हणत. गळा नव्हता, पण आवाज होता.

"मूठ म्हणजे पुडी," ते सांगत. "आतली ज्वारी म्हणजे निरोप. शेवटचं सावधान म्हणजे कॅल्शियम. आता सांगा, मूठ कधी उघडायची हे मुठीला कोण सांगतं?"

मग 'सावधान' व्हायचं. प्रत्येक लग्नात होतं तेच इथेही व्हायचं: दर अष्टकाच्या शेवटी लोक थोडी थोडी उधळायचे, शेवटचं सावधान यायच्या आत निम्म्या मुठी रिकाम्या. सर खुर्चीवरून बोट दाखवत, "तू आधी फुटलास. तू उशिरा, सात नंबर. तुझ्या मुठीत आता हायच काय? दुसरा इशारा आला तर काय सोडशील, घाम?" वर्ग हसून लोळायचा. तेव्हा सर ओरडायचे, "राखीव साठा," आणि टेबलाखालून सरांची मुलगी निघायची. मनू. तेव्हा ती पहिली-दुसरीत असेल. दोन्ही हातांनी बादली धरून ती सगळ्यांच्या मुठी पुन्हा भरायची, अगदी गंभीर चेहऱ्याने, जसं काही हिच्या बादलीवाचून कुणाच्याच मेंदूत निरोप पोचणार नाही. पेशीतही मागे अशा राखीव पुड्या असतात, पुढच्या संपल्या की त्या येतात, हे वर्गाला मनूच्या बादलीमुळे समजायचं. पुढचा आठवडाभर मी फरशीवरची ज्वारी झाडायचे आणि खिडक्यांतून चिमण्या यायच्या.

मनू नववीपर्यंत दर जानेवारीला बादली घेऊन आली. दहावीत नाही आली.

कारण फार मोठं नव्हतं, पण त्यात माझा हात आहे म्हणून सांगते. दहावीच्या वर्षी एकदा जेवताना सर पापडावर चमच्याने पेशी काढून दाखवत होते, आणि मनू म्हणाली, "बाबा, रोज तेच. मला यातलं काही ऐकायचं नाही." सर दुसऱ्या दिवशी कॉलेजात आले ते तसेच तणतणत. "मॅडम, मनूपुढं अकरा लिहा. माझं कॅल्शियम त्या पोरीला लागतच न्हाई." आणि मी लिहिलं. रागात सांगितलेलं लिहायचं नसतं हे तेव्हा मला कळायला हवं होतं. दुपारी मनू शाळेतून डबा द्यायला आली, वही टेबलावर उघडी होती, आणि तिने वाचलं.

मी घाईने पेन उचललं. तिने वही मिटली आणि होती तशी, टेबलाच्या कडेला सरळ ठेवली.

"खोडू नका मावशी. बरोबर आहे."

त्यानंतर घरात चुन्याची डबी निघाली की मनू उठून आत जायची. पुढे ती कॉमर्सला गेली. सरांनी याबद्दल काही म्हटलं नाही, फक्त दहावीच्या त्या जानेवारीत अंतरपाटाच्या तासाला बादली मामांनी आणली आणि तास लवकर संपला.

लग्नाचं वय झालं तेव्हा पहिलं स्थळ संभाजीनगरचं आलं. सरांच्या पत्नींनी, म्हणजे काकूंनी, मलाही बोलावलं होतं, माणूस म्हणून कमी आणि बंदोबस्त म्हणून जास्त. मुलाचे वडील शांत होते. पोहे संपले, काकूंनी विचारलं, "आणखी घ्या थोडे?" ते गृहस्थ ताटलीकडे पाहत राहिले. काकूंनी पुन्हा विचारलं. ते छताकडे पाहत राहिले. सर खुर्चीत पुढे सरकले. मी मागून त्यांचा शर्ट ओढला, पण तोवर ते निघून गेलं होतं.

"अकरा."

"काय अकरा?" मुलाच्या आईने विचारलं.

खोटं बोलणं सरांना जमत नव्हतं. त्यांनी डबी काढली आणि सगळं सांगितलं, दोन हात, सतरा भाऊ, अकराव्याचा बहिरेपणा, उदाहरणार्थ हे गृहस्थ. पाहुणे उठले. जाताना ते वडील दारात थांबले आणि पहिल्यांदाच स्पष्ट बोलले, "पोहे चांगले होते." सर म्हणाले, "पाह्यलं का, सात होते. मी घाई केली."

मनू त्या दिवशी रडली नाही, पण महिनाभर सरांशी बोलली नाही.

दुसरं स्थळ तिने स्वतः आणलं. मुलगा जालन्यातच बियाण्यांच्या कंपनीत, घर अंबडला, वडील कृषी खात्यातून निवृत्त. मुलगा मनूला मनापासून आवडला होता. त्याचा फोन आला की ती जिन्यावर जाऊन बसायची आणि तिथून हसू ऐकू यायचं. लग्न ठरलं, आणि मनूने बापाला समोर बसवलं. मी आणि काकू तिथेच याद्या करत होतो.

"बाबा, एकच गोष्ट. लग्नात प्रथिन नाही. नंबर नाही. डबी नाही. एक शब्द जरी निघाला ना, तर मी जाताना तुमच्या पाया पडणार नाही. तशीच गाडीत बसेन."

सर खुर्चीतून उठले. मग त्यांनी खिशातून डबी काढली आणि माझ्या हातात दिली. "मॅडम, लग्न होईस्तोवर ही तुमच्याकडं."

मनू आत गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "बाकीच्या समद्या कामाला माणसं हायेत. ह्यांच्यासाठी कुणी न्हाई. तुम्ही फक्त ह्यांच्याकडं बघा." मी यादीत पहिल्या ओळीवर लिहिलं: सर.

सरांनी शब्द पाळला. पत्रिका वाटताना, बस्ता बांधताना, मांडव ठरवताना कुठेच काही निघालं नाही. इतके गप्प की केटररने मला बाजूला घेऊन विचारलं, यजमानांना लग्न मंजूर आहे ना. फक्त एकदा, लग्नाच्या चार दिवस आधी, सर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मी तेव्हा मुलाच्या वडिलांचा निरोप वहीत घेत होते. त्यांचं म्हणणं होतं की धान्य उधळणं म्हणजे नासाडी, म्हणून अक्षता माणशी चिमूटभरच द्यायच्या, जास्त नाही. कृषी खात्यातली नोकरी झालेला माणूस, त्यांचं खरं होतं.

सरांनी माझ्या खांद्यावरून यादी वाचली.

"मॅडम, अष्टकं किती?"

"भटजींची पाच."

"मुलाला आत्या किती?"

"चार."

"गळा कुणाकुणाला हाय?"

मी चौकशी केली होती. "चौघींना आहे, असं चौघी म्हणतात. आणि एक काका स्वतः लिहिलेलं म्हणणार आहेत."

सरांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "दहा किलो ज्वारी रंगवून कोठीत ठेवा."

"कशाला? चिमूटभर ठरलंय."

"मी काही बोललोय का? मी काहीच बोललो न्हाई."

मी 'इतर' या सदराखाली लिहिलं: ज्वारी, रंगीत, दहा किलो. मामांनी ती बादल्यांत भरून मंगल कार्यालयाच्या कोठीत ठेवली आणि कुलूप लावून किल्ली मला दिली. मग मी ते विसरले, कारण यादीत अजून बरंच होतं.

अंबड रोडच्या मंगल कार्यालयात दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त. वरात नाचत नाचत वेळेत आली, यालाच मी मोठं यश समजत होते. मनू बोहल्यावर आली, अंतरपाट धरला गेला, मुलींनी ताटं फिरवली आणि प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर ज्वारी ठेवली. मी सरांपासून चार हातांवर, खांबाला टेकून, नजर त्यांच्यावर.

भटजींची दोन अष्टकं झाली. पहिल्या आत्यांनी माइक मागितला. त्यांनी तीन म्हटली. दर सावधानला सगळे थोडी थोडी ज्वारी टाकत होते, सवयच ती. दुसऱ्या आत्यांनी दोन म्हटली आणि त्यात मुलाच्या बालपणीच्या आजारपणांचा उल्लेख आला. तिसऱ्या आणि चौथ्या आत्यांनी मिळून एक म्हटलं, पण वेगवेगळ्या चालींत. मग काका आले. काकांचं स्वतः लिहिलेलं सात कडव्यांचं होतं आणि प्रत्येक कडव्याला त्यांनी स्वतंत्र सावधान लावलं होतं.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की सर माझ्याकडे बघतायत. डोळे मोठे, ओठ घट्ट मिटलेले. हात सवयीने खिशाकडे गेला, खिसा रिकामा. मग ते बोटाने कोठीकडे दाखवायला लागले. मला वाटलं, झालं, आता हे सुरू होणार. मी तोंडावर बोट ठेवलं. सरांनी मूठ उघडझाप करून दाखवली. मी डोळे वटारले. सर दोन पावलं पुढे आले. मी आडवी आले. इतकं सगळं न बोलता.

काकांचं संपलं. भटजींनी माइक परत घेतला आणि शेवटचं अष्टक सुरू केलं. आणि तेव्हा सभागृहात कुजबूज उठली. "अक्षता हाय का गं तुझ्याकडं?" "कुठंय, केव्हाच संपली." "मंग आता काय टाकायचं?" एक बाई खाली वाकून फरशीवरची ज्वारी वेचायला लागल्या. मुलाच्या वडिलांनी स्वतःचा तळहात पाहिला, उलटा करून पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. अंतरपाट पडणार आणि नवरा-नवरीवर एक दाणा नाही, असं लग्न त्या सभागृहात कुणीच पाहिलं नव्हतं. काकूंनी पदर तोंडाला लावला. सर सगळं कळून उभे होते आणि एक शब्द बोलत नव्हते.

अंतरपाटामागून, भटजींच्या माइकवर, आवाज आला.

"बाबा, राखीव साठा."

भटजी ओळीच्या मध्येच थांबले. वाजंत्रीवाल्याने उचललेली काठी तशीच हवेत धरली.

"बाबा, सगळ्यांच्या मुठी रिकाम्या झाल्यात," मनू म्हणाली. मुंडावळ्यांमुळे तिला मान वळवता येत नव्हती, म्हणून ती समोरच्या कापडाशी बोलल्यासारखी बोलत होती. "तुम्ही ठेवला असणारच. कोठी उघडा. आणि मावशी, तुम्ही त्यांना अडवत असणार, अडवू नका, ते बराबर सांगून राह्यलेत."

मी आयुष्यात अशी पळाले नव्हते. किल्ली पर्समध्ये, पर्समध्ये डबी, डबी आधी हाताला लागली, मग किल्ली. मामा माझ्या आधी कोठीशी पोचले होते. बारा नंबर काय करतो ते मला त्या दिवशी कळलं. सरांनी एक बादली घेतली, मामांनी एक, मी एक, आणि आम्ही रांगांमधून निघालो. मामा मोठ्याने म्हणत होते, "मुठी भरा, जल्दी करा, मुठी भरा."

इकडे कापडाच्या पलीकडून नवरदेवाने हळूच विचारलं, "राखीव म्हणजे काय गं?" आणि माइक चालू असल्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं.

मनूने सांगितलं. पेशीच्या भिंतीशी टेकलेल्या पुड्या, मागे ठेवलेल्या पुड्या, कॅल्शियम, दोन हात, सतरा भाऊ आणि त्यांचे नंबर. एक शब्द इकडचा तिकडे नाही. सरांचीच वाक्यं, सरांच्याच क्रमाने, जिथे सर श्वास घ्यायचे तिथेच श्वास. मी बादली घेऊन मधल्या रांगेत उभीच राहिले. कुणीतरी माझ्या बादलीतून स्वतःच मूठ भरून घेतली.

भटजींनी घड्याळ पाहिलं. "चार मिनटं हायेत. चालू द्या बाई, पण लवकर."

"म्हणजे आधी उधळायचं नाही?" मुलाच्या वडिलांनी पहिल्या रांगेतून विचारलं. त्यांची मूठ आता चांगली गच्च होती.

"नाही," मनू म्हणाली. "शेवटच्या सावधानला. तोवर धरून ठेवायचं."

"ऐकलं का सगळ्यांनी?" ते मागे वळून सभागृहाला म्हणाले. "धरून ठेवा. आणि ताई, तू माइकपासून लांब उभी राहा." हे त्यांच्या थोरल्या बहिणीला होतं.

भटजींनी शेवटचं अष्टक पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पहिल्या ओळीला कुणी हललं नाही. दुसऱ्या ओळीला कुणी हललं नाही. भरल्या मुठी वर धरलेलं ते सभागृह इतकं शांत झालं की पंख्यांचा आवाज यायला लागला. मग सावधान झालं, कापड पडलं, वाजंत्री वाजली, आणि सगळ्या मुठी एकदम उघडल्या. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला. आधी एकही नाही. नंतर दोन-तीन, त्यातल्या एक त्या थोरल्या आत्या. मी हे मोजत होते म्हणून सांगते.

फक्त सरांनी टाकली नाही. ते बोहल्यापाशी मूठ मिटून उभे होते.

पंगती उठल्या, फोटो झाले, आहेर झाले. लोक एकमेकांना नंबर विचारत होते आणि माझ्याकडे येत होते. मुलाच्या वडिलांना मी स्वतःच्या जबाबदारीवर एक नंबर दिला. सर मात्र अजून बोलले नव्हते. कुणी काही विचारलं तर मान हलवत. मी म्हटलं, "सर, तिनेच सुरू केलं, आता तुम्ही बोलू शकता." त्यांनी मान हलवली. डावा हात अजून मिटलेला.

चार वाजून पाच मिनिटांनी गाडी लागली. मनू आईच्या गळ्यात पडली, माझ्या पडली, मामांच्या पाया पडली. मग सरांसमोर आली आणि वाकली. अट तिचीच होती आणि सरांनी ती पाळली होती. तिने पायांवर कपाळ टेकलं आणि लवकर उठली नाही.

उठल्यावर ती म्हणाली, "मावशी, वही आणलीय ना?"

वही नाही असं होत नाही. मी पर्समधून काढली आणि शेवटची पानं उघडली.

"माझ्यापुढचं अकरा खोडा," मनू म्हणाली. "सात लिहा."

सरांची मूठ तेव्हा उघडली. ज्वारी घामाने ओली झाली होती, दाणे तळहाताला चिकटले होते, सरांनी दुसऱ्या हाताने ते सोडवून सोडवून तिच्या डोक्यावर टाकले. तिच्या नवऱ्याने आपलंही डोकं पुढे केलं, तर थोडे त्याच्यावर.

गाडी गेली. मी पर्समधून चुन्याची डबी काढली आणि सरांना दिली, यादीतली ती शेवटची बाब होती. सरांनी ती खिशात ठेवली, घड्याळ पाहिलं, आणि त्या दिवशीचं त्यांचं पहिलं वाक्य बोलले.

"मॅडम, साडेतीन तास. सात नंबर बी येवढा उशीर करत न्हाई."

इतक्या वर्षांत त्यांनी सगळ्या गावाला नंबर दिला, पण वहीत त्यांच्या नावापुढची जागा रिकामीच होती. मी तिथेही सात लिहिलं.